ढब्बूचं पथ्य आणि माझी शिस्त

३ मार्च, सोमवार
आजपासून ढब्बूचं पथ्य सुरू. गेले कित्येक महिने बिचारा स्वतःला ओरबाडतोय. कान लालबुंद, पंजे चाटून चाटून ओले, पोटावरचे केस गेलेले. डॉक्टरबाईंचं म्हणणं, खाण्याची अ‍ॅलर्जी असावी. आठ आठवडे फक्त मासे आणि रताळं, कारण ही दोन्ही त्याने आजवर खाल्लेली नाहीत. दुसरा कण तोंडात जाता कामा नये. खाज थांबली तर मग एकेक जुना पदार्थ देऊन गुन्हेगार शोधायचा. नाही थांबली तर कदाचित जन्मभर गोळ्या. असं कसं चालेल? मी ऑफिसातून आल्यावर उठून दारापर्यंत येणारा या घरात तो एकटा आहे.

जबाबदारी अर्थात मी घेतली. रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळणाऱ्या माणसाला एका कुत्र्याचं जेवण काय जड आहे? जेवताना घरच्यांना सगळं समजावून सांगितलं, दोनदा. बायको म्हणाली, आम्हाला कळलं, तुम्हाला कळलंय ना? दुर्लक्ष केलं.

४ मार्च, सकाळी
टोस्टचा कोपरा खाली पडला. ढब्बूने उचलला. याला देणं म्हणत नाहीत. हे पडणं.

६ मार्च
पुन्हा पडला. हल्ली टोस्ट फार ठिसूळ येतात.

९ मार्च, रविवार
जंतांची गोळी द्यायची होती. माशात घालून द्या असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, पण मासे फ्रीजरमध्ये दगड होऊन बसलेले. चीजमध्ये गुंडाळून दिली. मुलगी किंचाळली, बाबा, चीज! तिला शांतपणे समजावलं की चीज हे इथे पॅकिंग मटेरियल आहे. टीव्ही खोक्यातून येतो, म्हणून कोणी खोकं विकत घेतलं असं म्हणतं का? ती उठून आत गेली. पटलं असावं.

१४ मार्च
खाज तशीच. म्हणजे घरात कुठेतरी पाणी मुरतंय. संशय सासूबाईंवर. दुपारपासून बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात, ढब्बू त्यांच्या पायाशी. त्याच्या कानात काहीतरी कुजबुजत असतात. उगाच कोण कुत्र्याच्या कानात कुजबुजेल? आडून आडून विचारलं. म्हणाल्या, अहो, मी तर त्याला पाणीसुद्धा तुमच्या सांगण्याशिवाय देत नाही. इतका साळसूद माणूस मी कारखान्यातही पाहिलेला नाही. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणार.

१७ मार्च
अचानक तपासणी. सासूबाई अंघोळीला गेल्यावर त्यांची विणकामाची पिशवी उघडली. लोकर, सुया, चष्म्याचं घर. उशीखाली रुमाल. तेवढ्यात मागे बायको उभी. पुढचं लिहीत नाही.

१९ मार्च
बायकोचा अबोला चालू. रात्री एकटाच जेवलो. ऑम्लेटची प्लेट ढब्बूने चाटली. ऑम्लेट मी खाल्लं, त्याने फक्त प्लेट साफ केली. कोणीतरी मदत करतंय घरात.

२३ मार्च
उद्यापासून तीन आठवडे कंपनीच्या नव्या कारखान्यात. माझ्यामागे पथ्याचे बारा वाजणार, यात शंका नाही. फ्रिजवर सूचना लावल्या. तिथे आधीपासून असलेलं ढब्बूच्या जेवणाचं वेळापत्रक त्यासाठी काढावं लागलं म्हणून मुलीने कटकट केली.

९ एप्रिल
मुलीचा व्हिडिओ कॉल. ढब्बूचे कान गुलाबी! रात्रभर शांत झोपतो म्हणे. पोटावर केसांची लव आलीय. मला भरून आलं. रूममधल्या सहकाऱ्याला सांगितलं, रंगाच्या वासाने डोळ्यांत पाणी येतंय. याला म्हणतात सिस्टीम. एकदा नीट बसवली की बसवणारा नसला तरी चालते.

१४ एप्रिल
घरी आलो. ढब्बूने दारातच अंगावर उडी घेतली, शेपटीबरोबर अख्खा कुत्रा हलत होता. मग नेहमीप्रमाणे शर्टाच्या खिशात नाक. तिथे ऑफिसच्या चहाबरोबरचं बिस्कीट असतं, अर्धं त्याच्यासाठी राखलेलं. इतक्या दिवसांनी भेटतोय, कोरडं कसं भेटायचं? आणि अर्धंच तर होतं.

१९ एप्रिल
घात झाला. खाज परत. आता शास्त्रीय विचार केला. मी नव्हतो तेव्हा कुत्रा बरा होता. मी आलो आणि बिघडला. निष्कर्ष एकच: ढब्बूला माझी अ‍ॅलर्जी आहे! किती वाईट वाटलं म्हणून सांगू. पण मागे हटणार नाही. साबण बदलला, दाढीचं क्रीम बंद, केसांचा कलपही बंद.

२३ एप्रिल
ऑफिसात तिघांनी विचारलं, बरं नाही का. एकाने रिटायरमेंटची तारीख विचारली. खाज कमी नाही. डॉक्टरबाईंना फोन करून माझा शोध सांगितला. त्यांनी तो मला दोनदा सांगायला लावला. मग म्हणाल्या, शनिवारी सगळ्यांनीच या.

२६ एप्रिल, शनिवार
दवाखान्यात. डाव्या कानातून रक्त आलेलं. डॉक्टरबाईंनी एकेकाला विचारलं, वेगळं काही देता का? सासूबाई नाही म्हणाल्या, बायको नाही, मुलगी नाही. मीही ठणकावून नाही म्हणालो. त्या वेळी ढब्बूचं नाक माझ्या खिशात कानांपर्यंत होतं.

खिशात काय आहे, डॉक्टरबाईंनी विचारलं. अर्धं बिस्कीट निघालं. मी म्हटलं, हे खाणं नाही, हे स्वागत आहे. मग एकातून एक सगळंच निघालं. टोस्ट, प्लेट, चीज. पॅकिंग मटेरियलचा मुद्दा मांडला, पण तिथे तो तितकासा जोरदार वाटेना. मुलगी रडत म्हणाली, बाबा, तो रक्त येईपर्यंत खाजवतो हो. तोंडात मारल्यासारखं झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. येताना गाडीत सासूबाई मागून एवढंच म्हणाल्या, होतं असं.

२८ एप्रिल
सगळे शर्ट धुवायला टाकले. ऑफिसात बिस्कीट पूर्ण खाल्लं. अजिबात गोड लागलं नाही.

११ मे
खिसा हुंगला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगला. मी छताकडे बघत उभा राहिलो.

३० मे
दारापर्यंत येत नाही. पथ्याने अशक्तपणा आला असेल. बायको म्हणते, सकाळी बागेत मांजरामागे धावला तो कोण होता मग?

२१ जून
आठ आठवडे पूर्ण. कान स्वच्छ, पंजे कोरडे, पोटावर पूर्ण केस. डॉक्टरबाईंनी मला शाबासकी दिली. जुने पदार्थ आता एकेक करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे. कुत्रा बरा झाला, देवा. यापुढे मला काही नको.

२३ जून, संध्याकाळी
ऑफिसातून आलो. मुद्दाम बेल वाजवली. ढब्बू सासूबाईंच्या पायाशी होता. त्याने मान वर केली, मी आहे हे पाहिलं आणि मान खाली ठेवली. शेवटी सासूबाईंना सरळ विचारलं, तुम्ही याला देता तरी काय? म्हणाल्या, काही नाही हो, गप्पा मारते.

मीही जमिनीवर बसलो आणि गप्पा मारायला घेतल्या. निळ्या रंगाचा डबा गिऱ्हाइकाने हिरवा म्हणून परत कसा पाठवला, साहेब सगळ्यांसमोर मला काय बोलले, सगळं सांगायला लागलो. ढब्बू उठला आणि खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन आडवा झाला. सासूबाईंना माझी दया आली असावी. म्हणाल्या, मला सांगा, मी ऐकते. मग सांगितलं. पहिल्यापासून, सविस्तर. मन अगदी हलकं झालं.

साहेबांपर्यंत आलो तेव्हा बघितलं, तर दोघंही झोपले होते.