रायफल-सांगाड्यांच्या चाचणीत सुटलेल्या मण्यांबाबत

प्रति,
मा. उपशेरीफ (शस्त्रागार),
हॉर्नबीक काउंटी, मॉन्टाना.

विषय : माझ्या जपामुळे बिघडलेली चाचणी रद्द करून फेरचाचणी घेण्याबाबत.
संदर्भ : माझाच अहवाल, दि. १५ मार्च २०१९.

महोदय,

१. रायफलचे सगळे भाग ज्यात बसतात तो ॲल्युमिनियमचा सांगाडा सलग ठोकळ्यातून कोरलेला जास्त टिकतो की घणाखाली घडवलेला, हे ठरवण्याचे काम आपण मजकडे सोपवले. कोरीव सांगाडा माझ्या धाकट्या भावाच्या, एमेटच्या कारखान्यातला आहे, हे मी तेव्हाच लेखी कळवले होते. त्यावर आपला शेरा : "बर्नडेटबाई पक्षपात करणार नाहीत." तो शेरा मी जपून ठेवला आहे, आता वाचवत नाही.

२. ठोके मोजण्याचे यंत्र नाताळापासून बंद आहे. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस दुपारपर्यंत माझे मौन, त्यामुळे मोठ्याने मोजता येत नाही, आणि जपमाळ तर रोजचीच. म्हणून ठरवले, की मदतनीस ऑर्विल पिकेटने सांगाड्यावर हातोडा सोडायचा, मी एक मणी ओढायचा. देव आणि काउंटी एकाच माळेत उरकण्याची हाव, दुसरे काय!

३. गुरुवारी घडीव सांगाडा २१२ मण्यांना तडकला, शुक्रवारी कोरीव १३७ ला. घडीवच मजबूत असे पुस्तकही म्हणते, म्हणून निर्धास्त सही केली. परंतु शुक्रवारचा जप प्रभूच्या दुःखांचा असतो. काट्यांच्या मुकुटापाशी डोळे भरून आले आणि मणी अंगठ्याखाली थांबला. हातोडा थांबला नाही. तेवढ्यात किती ठोके पडले, असे शनिवारी ऑर्विलला विचारले तर म्हणतो, "बाई, वीस झाले असतील, नाहीतर शंभर. तुम्ही रडत होतात. म्हटलं, भावाचा माल फुटतोय म्हणून रडताहेत. अशा वेळी आकडा कोण विचारतं?" मी मुकुटासाठीच रडत होते, असे शपथेवर सांगण्याचे धाडस आज होत नाही.

४. येत्या गुरुवारी खरेदीची बैठक आहे. काउंटीची ही मागणी हातची गेली तर एमेट कारखान्याला कुलूप लावणार. ऑर्विलने गावभर केल्यामुळे माळेची गोष्ट एमेटच्याही कानावर गेली आहे. काल जेवताना बटाट्यांचे भांडे माझ्याकडे सरकवत म्हणाला, "ताई, माझ्यासाठी प्रार्थना तेवढी करू नकोस गं. तुझ्या हातात माळ दिसली की माझं काहीतरी फुटतं."

५. फादरांकडे कबुली दिली. ते म्हणाले, "देवानं माफ केलं, पण अहवाल काही देवाकडे नाही." म्हणून हा अर्ज. एमेट जिंकावा असे माझे मागणे नाही. हरायचाच असेल तर खऱ्या आकड्याने हरावा. फेरचाचणी बैठकीपूर्वी, दोन्ही नव्या सांगाड्यांवर व्हावी. ठोके ऑर्विलने मोजावेत. तो कधीच प्रार्थना करत नाही, त्यामुळे भरवशाचा आहे. मी दाराबाहेर बसेन.

क्षमेस पात्र असल्यास आपली,
बर्नडेट रूनी
तपासनीस, शस्त्रागार
१८ मार्च २०१९

सोबत :
(१) मूळ अहवाल, माझ्याच हाताने काट मारलेला.
(२) जपमाळ, नग एक. चाचणी होईतो आपल्या कपाटात ठेवावी. तोवर जपाला माझी दहा बोटे पुरतील.