न वाचलेलं नाव

बाबा,

तरी माझं नाव तेवढं वाचायला हवं होतं तुम्ही. वार्षिक दानाच्या दिवशी पाद्रीने घराघराचा आकडा चर्चमध्ये मोठ्याने वाचायचा, ही आपल्या टोंगाची आजोबांपासूनची रीत. मी ऑस्ट्रेलियाहून पहिल्यांदा पैसे पाठवले, नेमक्या त्याच वर्षी गावचे पाद्री असून तुम्ही ती मोडलीत. "आकड्यापायी लोक कर्ज काढतात," म्हणालात. गावातले मोठे लोक चिडले आणि तुमची दूरच्या बेटावर बदली झाली. मी फोनवर म्हणालो, "बरं झालं." त्यानंतर आपण बोललोच नाही.

आज संत्री तोडताना आपल्या गावच्या सेमिसीला विचारलं, "घरी कधी जातोस? पोरगी चालायला लागली म्हणे."

"काकाने दानात नऊशे दिलेत. मी हजार केल्याशिवाय गेलो, तर आईने चर्चमध्ये तोंड कुठे लपवायचं? नवा पाद्री पुन्हा आकडे वाचतो. तुझं बरंय लेका, तुझा बाप वेडा."

मी बराच वेळ शिडीवरून उतरलोच नाही.

हे पत्र टाकायचा धीर होणार नाही, पण पैसे पाठवतो. कुणाचे ते न सांगता तुम्ही चर्चच्या दानपेटीत टाकाल. या वेळी मलाही तेच हवंय. दोनशे डॉलर.

तुमचा,
फेलेती