वसुलीवाल्याचा फाटका खिसा

चि. घोळ्या यास,

ताईचे पोतंभर आशीर्वाद आणि एक धपाटा. (धपाटा पाकिटात मावेना, तो इथे जपून ठेवलाय.) आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा दाजी जास्त. तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतोस का? पत्ता न ठेवता निघून गेलास त्याला अडीच वर्षं झाली, तेव्हा उत्तरं बरीच साचली असतील, सवडीने दे. हा पत्ता ताईला कुठून मिळाला म्हणून आत्ता दचकला असशील. दचक. मीही गेल्या चार महिन्यांत पुष्कळ दचकलेय.

पत्रास कारण की, पत्रं. कुठल्याशा कंपनीची पत्रं आपल्याकडे यायला लागली. नाव आम्ही बापजन्मात ऐकलेलं नाही आणि ते एवढं लांबलचक, की पाकिटावर आपल्या पत्त्याला जेमतेम कोपरा उरतो. पहिलं पत्र तुझ्या शाळेतल्या पूर्ण नावाने आलं. दाजींनी पोस्टमनला छातीठोकपणे सांगितलं, असा कोणी माणूस या घरात कधी राहिलेला नाही. (त्यांना तू फक्त घोळ्या म्हणून माहीत. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली!) पोस्टमन तुला ओळखत होता म्हणून पाकीट घरात आलं. आत लिहिलं होतं, तुमचं वस्तू-खरेदीचं कर्ज आम्ही दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलं आहे. आता काय म्हणावं? मी कोरे करकरीत फ्रॉक शिवते, तर बायका अर्धा तास घासाघीस करून तसेच ठेवून जातात, आणि तुझी जुनीपानी उधारी घ्यायला गिऱ्हाईक मिळतं!

मग आली 'अंतिम सूचना'. दाजींनी रेडिओ उशीखाली लपवला, जप्तीवाल्यांना सापडू नये म्हणून, आणि त्याच उशीवर दुपारी डोकं टेकून मान आखडून घेतली. पंधरा दिवसांनी दुसरी अंतिम सूचना आली. मग तिसरी. म्हटलं, यांचा अंत काही होत नाही, आपणच बोलावं. बसले आणि उत्तर लिहिलं, की महाशय, हा माझा धाकटा भाऊ. याने या घरात साधी सुईसुद्धा कधी विकत आणली नाही, तिथे वस्तू कसली आणतोय! आणि तुम्ही नुसतं 'वस्तू' लिहून पुढे बारा आकडे टाकलेत, वस्तूचं नाव लिहायला शाई संपली होती का? तो कुठे आहे ते मला ठाऊक नाही. तुम्हाला सापडला तर आधी मला कळवा, रांगेत माझा नंबर पहिला आहे. असं चार वेळा लिहिलं. दर वेळी सुईच्या वाक्याखाली रेघ मारली.

चौथ्या उत्तरावर त्यांनी माणूसच धाडला. मला वाटलं, कोणी धिप्पाड मिशाळ येईल. आला तो किडकिडीत, घामाघूम, आणि शर्टाचा खिसा फाटून लोंबतोय. वसुलीला निघालेल्या माणसाचा खिसा फाटका! त्याने धमकीचं पहिलं वाक्य सुरू केलं, पण माझं लक्ष खिशाकडे. (तुला माहीत आहे, उसवलेलं दिसलं की मला पुढचं ऐकू येत नाही.) म्हटलं, आधी शर्ट काढा हो, कर्ज कुठे पळून जात नाही, माणूस तेवढा पळालाय. बिचारा बनियनवर बसला. दाजींनी चहा दिला आणि दोघं गुडघेदुखीवर बोलू लागले. मी खिसा रिकामा केला. एक रुमाल, एक बसचं तिकीट आणि एक घडीचा कागद. तो मशीनशेजारी ठेवला. निम्मी शिवण झाली आणि कागद आपोआप उलगडला. बरं, मी उलगडला. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मला कळतं. वाचला.

खाली 'पर्यायी पत्ता' म्हणून तुझा हा पत्ता होता, पुढे शेरा, 'पत्रे न उघडता परत'. (म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात माझं नाव घातलंय. हे परत आलं तर मी स्वतः येईन.) आणि 'वस्तू'पुढे लिहिलं होतं, शिलाई मशीन, विजेवर चालणारं. मी शर्टासकट मशीन आडवं केलं आणि तळाचा नंबर पाहिला. बाराच्या बारा आकडे जुळले.

हे मशीन घेऊन आलास तेव्हा तू म्हणाला होतास, मित्राचा कारखाना बंद पडला, त्याने फुकट दिलं. मीही मानलं. (फुकटचं जुनं मशीन आणि अंगावर कोरं प्लास्टिक! मी म्हणजे अगदीच ही.) मग तुझी नोकरी गेली, तू माझ्याकडे पैसे मागायला आलास, कशाला हवेत ते सांगेनास, आणि मी तुला उधळ्या म्हटलं. तेही दाजींच्या देखत. तू चप्पल घातलीस आणि गेलास. घोळ्या, मी त्या परक्या माणसासमोर ढसाढसा रडले रे. तो इतका गांगरला, की म्हणाला, ताई, रडू नका, हप्ते बारीक करून देतो. आता हप्ते माझ्या नावावर आहेत आणि दोन भरलेसुद्धा. एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय. मशीन आपलं कर्ज आपणच फेडतंय, तू मध्ये पडू नकोस. तुझ्यावर माझा तिळभरही राग नाही.

तुझी,
सुईसुद्धा न मिळालेली ताई

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. अडीच वर्षं! एक ओळ खरडायला हात मोडले होते का?

ता. क. 'उधळ्या' मी परत घेतला. दाजींच्या देखतच घेतला, पण ते म्हणतात, घोळ्या समोर असल्याशिवाय धरणार नाही.

ता. क. तुझ्या शर्टाचं कापड बेतून ठेवलंय, जुन्या मापाने. तू नक्की वाळला असशील. माप पत्रातून पाठवू नकोस, येऊन दे. रविवारी मी मशीनला हात लावणार नाही, दाराशीच बसणार आहे.