उजवा पाय

३ नोव्हेंबर, सोमवार
कापायचं म्हणे! ह्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं. साखरेनं काळी पडलीत. सर्जन चहा मागवावा तसा बोलला — "आत्ताच काढू, नाहीतर वर चढेल." हे लगेच तयार. "काढा की." मीच नाही म्हणाले! सासूबाईंचंही आधी बोटच कापलं होतं. मग पाऊल. मग मांडीपर्यंत. मग त्याच गेल्या. आणि बोटं नसली तर हे टेंपो चालवणार कसा?

६ नोव्हेंबर
शिळफाट्याला ओझोनवाल्या मॅडम सापडल्या. पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, तोंड बांधतात, आत ओझोन वायू सोडतात, जखम भरायला. मॅडम सरळ बोलल्या — "हा जोडीचा उपचार आहे. इन्सुलिन, गोळ्या, सर्जन, काही सोडायचं नाही. बोटं वाचतीलच असं मी म्हणणार नाही." सगळं ऐकलं मी. पण मन मेलं 'वाचतील' एवढंच धरून बसलं.

९ नोव्हेंबर
ह्यांना तळव्याला काही कळत नाही, वाकून दिसतही नाही. पट्टी मीच बदलते.
"कसं हाय गं?"
"सुकतंय!"
सुकतंय कसलं, डोंबल!

१२ नोव्हेंबर
मॅडमनी मला एकटीला बाजूला घेतलं. "आत पू झालाय. मी आता पिशवी लावणार नाही. आजच सर्जनकडे न्या." पाया पडले त्यांच्या. नाही म्हणजे नाही! ह्यांना सांगितलं, मॅडम गावाला चालल्यात. येताना मेडिकलमधून ओझोनचं तेल आणलं. तेच चोळतेय. काळं घोट्याकडे सरकलंय. तरी ह्यांना म्हटलं, "बघा, सूज किती उतरली!"

१४ नोव्हेंबर
काय करू? कुणाला विचारू? बुद्धवंदनेला बसले तर शब्दच आठवेनात. नणंदेचा फोन — "वहिनी, दादा कसा हाय?" बरा आहे म्हटलं. आता सांगितलं तर सगळे मलाच धरतील. आणि नाही सांगितलं तर?

१५ नोव्हेंबर
ह्यांना ताप. थडथड उडतायत. शेजारच्या गजानं आमच्याच टेंपोत घालून पनवेलला आणलं.

१६ नोव्हेंबर
पाय गुडघ्याखालून गेला. मी केलं हे.

१८ नोव्हेंबर
आज हे नीट बोलले. मी रडत सगळं सांगितलं. म्हणाले, "माहीत होतं गं. पाय सुन्न झाला होता, नाक नाय. वास यायचा की मला."
मग बोलला का नाहीत?
"तू हसून सांगायचीस. म्हटलं, उद्या बोलू."