टकळीचा तास

गुरुजी, मागच्या आठवड्यात जवळच्या एका तंत्रशाळेचे प्राचार्य माझ्या दुकानात आले. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी मी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देतो, तेच आमच्या मुलांना शिकवा म्हणाले. मी अर्ज केला. काल तो परत आला; दहावी पासचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही. त्यांचेच पदवीवाले मास्तर अडले की मला फोन करतात, पण शिकवायला मी चालत नाही. राग त्यांचा यायला हवा. येतो आहे तुमचा, आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली.

सेलूच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही सूत कातायच्या टकळ्यांची पेटी उघडायचात. माझं सूत तुम्ही खिडकीकडे धरता, दोन बोटांतून सरकवता, जाड लागलं तिथे तोडता. "एकसारखं नाई. पुन्हा काढ." एका दिवशी तीनदा तोडलंत. आज तांब्याच्या तारेचा एक वेढा चुकला तरी माझी बोटं आपोआप थांबतात, ती तुमच्यामुळे.

मग ती पालकसभा. कचेरीतल्या बाबूंच्या घरी इंग्रज साहेबाची शाळा तीन पिढ्या मुरलेली. त्यांना टकळीच्या जागी इंग्रजी हवं होतं. आम्हा शेतकऱ्यांकडे ती शाळा आली तीच शेतातून सोडवणारी म्हणून. माझे बाबा उभे राहिले. "गुरुजी, कापूस त आमच्या घरीच आहे. त्याच्यासाठी पोट्ट्याले शाळेत काऊन पाठवू?" एक बाबू म्हणाले, "घ्या, पाटलाचं अन् आमचं आज पहिल्यांदा जमलं." सगळे हसले, तुम्ही सोडून.

लिहितो तो शिकलेला आणि हातानं करतो तो अडाणी, ही वाटणी इंग्रजांची म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. पण ते गेल्यावर ती राखली कोणी? दोन तऱ्हेच्या घरांनी, दोन वेगळ्या कारणांनी, एकमतानं. पेटी कपाटावर गेली, त्या तासाला स्पेलिंगं सुरू झाली, आणि त्याच इंग्रजीत मी दहावीला दोनदा आपटलो. तुम्ही अडून का बसला नाहीत? आमचं सूत तोडायची हिंमत होती, पालकांचं म्हणणं मोडायची नव्हती?

हे पत्र तुमच्या मुलाच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. देणार नाही. सभेच्या दुसऱ्या दिवशी टकळीच्या तासाला तुम्ही आम्हालाच विचारलं होतं, "पोट्टेहो, टकळी कोणाकोणाले पाहिजे? हात वर करा." बराच वेळ तुम्ही माझ्याकडेच पाहत होतात. शेजारी बाबूंचा मुलगा बसला होता. मी बोटांना चिकटलेला कापूस चड्डीला पुसत राहिलो.