ह्यांचा पाक आणि आगीचा बंब

मुक्काम बोस, मार्चअखेर

तीर्थरूप लोरेतवन्संना धाकट्या भावजयीचा, म्हणजे उगेतचा, वाकून नमस्कार. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत (दोघंही, धडधाकट, हे आधीच सांगून ठेवते). फ्लोरिडाचं ऊन तुमच्या कंबरेला मानवलं हे वाचून फार बरं वाटलं. असं मानवलेलं ऊन अर्ध्यावर सोडून येऊ नये म्हणतात. इकडे काय ठेवलंय? दिवसा चिखल, रात्री त्याच चिखलाचा बर्फ, आणि जेवायला वाटाण्याचं सूप.

तुम्ही विचारलं होतं की रोझेर फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे काही का बोलत नाही. वन्सं, तुमच्या वाट्याला निदान ‘बरं’ तरी आलं. नाताळात डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाला ताण नको, ईस्टरनंतर अग्निशमन दलाचं प्रमुखपण सोडा. तेव्हापासून तुमचे बंधू खिडकीशी खुर्ची टाकून, मांडीवर शिरस्त्राण घेऊन ते पुसत बसायचे. आगीची वर्दी आली की वाजणारा कंबरेचा बिपर आंघोळीलासुद्धा सुटेना. (प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे. मी एकदाच पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही.) डॉक्टर म्हणाले, एखादा शांत छंद लावा. मी विणायला लोकर आणली, तर तिच्याकडे त्यांनी मेलेल्या मांजराकडे बघावं तसं बघितलं. आणि मग एका सकाळी आपणहून म्हणाले, “उगेत, सगळा मुलूख मेपलचा पाक करतो आणि आपण दुकानातला डबा आणतो. लाज वाटत नाही?” अख्खं एक वाक्य! मला रडू आलं. मी म्हटलं, वाटते हो, फार लाज वाटते, करा पाक.

लगेच गिरमिट निघालं, नळ्या आल्या, बादल्या आल्या. अंगणातल्या झाडांना भोकं पाडून ह्यांनी रस धरायला बादल्या टांगल्या आणि जो माणूस बायकोशी बोलत नव्हता तो झाडांशी बोलायला लागला. “ये बाई, ये, लाजू नको.” एक झाड मात्र थेंब देईना. त्याला प्रेमाने सांगून झालं, रागावून झालं, शेजारच्या झाडाचं उदाहरण देऊन झालं. मी म्हटलं, अहो, तो मेपल नसेल, अ‍ॅश असेल. तर म्हणाले, “हिवाळ्यात सगळी झाडं नागडी. नागड्यांना ओळखायचं कसं?” बाकीच्या झाडांनी मात्र कमाल केली. रात्री कडाक्याची थंडी, दिवसा लख्ख ऊन, नळ्या टपटप वाजताहेत, आणि हे बादल्या उचलून पळताहेत. सूपची पातेली भरली, हॅम भाजायचं भांडं भरलं, नातवंडांचा आंघोळीचा टब भरला, शेवटी फुलदाण्या भरल्या. चव म्हणाल, तर साखरेच्या पोत्याशेजारी ठेवलेल्या पाण्यासारखी.

आता, शहाणी माणसं हा रस बाहेर खोपटात आटवतात. ह्यांचं म्हणणं, घरात एवढी थोरली शेगडी असताना वाऱ्यात कशाला मरायचं? मलाही पटलं. (माझी चूक एवढीच की मी ह्यांच्या बोलण्याच्या आनंदात होते. ते म्हणाले असते शेगडी छपरावर नेऊ, तर मी खालून धरली असती.) बादल्यांमागून बादल्या आटवाव्या तेव्हा कुठे बरणीभर पाक होतो, हे आम्हाला माहीत होतं. पण उरलेलं सगळं पाणी जातं कुठे, हा प्रश्न दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही.

ते भिंतींवर जातं, वन्सं.

दुपारपर्यंत स्वयंपाकघरात इतकी वाफ झाली की मी शेगडी आवाजावरून शोधत होते. खिडक्यांवरून गोड धारा लागल्या. भिंतीवरच्या कागदाचा आधी एक कोपरा वळला, मग दुसरा, मग छतापासूनचा अख्खा पट्टा अदबीने वाकला आणि माझ्या खांद्यावर येऊन निजला. तेवढ्यात पाहते तो सेंट अ‍ॅनच्या तसबिरीच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी! मी तिथल्या तिथे गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली, आणि मग (देव क्षमा करो) बोटाने चाटून पाहिलं. गोड होतं.

जीव गुदमरला म्हणून मी सगळ्या खिडक्या उघडल्या. त्यासरशी वाफेचे लोट बाहेर पडले आणि एका शेजारणीने तत्परतेने आगीची वर्दी दिली. हे तेव्हा अंगणाच्या पार टोकाला, दोन्ही हातांत बादल्या. कंबरेचा बिपर वाजला. पत्ता ऐकायला थांबतील तर ते तुमचे भाऊ कसले? बादल्या तिथेच सोडल्या, पिकअपमध्ये उडी मारली आणि बंब आणायला गेले. मी खिडकीतून बघितलं आणि म्हटलं, अरेरे, कुणाचं तरी घर पेटलं वाटतं. त्या बिचाऱ्यांसाठी क्रूस केला आणि ढवळत राहिले.

पुढचं मला नॉर्माँने सांगितलं. (हाच ह्यांच्यानंतर प्रमुख होणार. बंब तोच चालवत होता.) तो म्हणाला, “चीफ, वर्दी तर तुमच्या...” हे ओरडले, “धूर दिसतोय ना? मग तिकडे घाल!” घातला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं, पण नॉर्माँला नवी कुऱ्हाड मिळाली होती आणि ती वापरायची संधी अजून आली नव्हती. धाडकन दार आत पडलं आणि पांढऱ्या धुक्यातून मुखवटा घातलेली एक आकृती गरजली, “आत कोण आहे?”

“मी!”

“मी कोण?”

“अहो, मी कोण काय? उगेत!”

मग मुखवट्यातून, “मग आग कुठाय?”

“कसली आग? पाक ढवळतेय. वारा येतोय, दार लावा!”

दार त्यांच्या पायाखाली होतं. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, माझ्या खांद्यावरचा कागद बघितला, आणि वन्सं, ते त्या दारावर बसकण मारून हसायला लागले. मुखवटा काढायचंही भान नाही, आतून नुसता घोरल्यासारखा आवाज. मग नॉर्माँ हसला, मग बाकीचे, मग मी, आणि आम्ही हसतोय तोवर भांड्यातला फेस फसफसून काठाशी! ह्यांनी बसल्या जागेवरून हुकूम सोडला, “नॉर्माँ, डुकराची चरबी!” त्याने खारवलेल्या चरबीचा तुकडा टाकला आणि फेस मुकाट खाली बसला.

पाक झाला, सोनेरी, चमच्यावरून पडदा सरकावा तसा ओघळणारा. बाहेर बर्फावर त्याच्या रेघा ओतल्या आणि सगळं अग्निशमन दल काड्यांवर गुंडाळून शाळेतल्या पोरांसारखं चाटत उभं राहिलं. तेव्हा ह्यांनी शिरस्त्राण काढलं आणि नॉर्माँच्या डोक्यावर ठेवलं. “घे. ईस्टरपर्यंत कशाला थांबायचं? याहून चांगली आग मला आता मिळणार नाही.” तेव्हाचा चेहरा बघायला हवा होता. घरी आल्यावर बिपर आपणहून माझ्या हातात दिला. तेव्हापासून जे बोलताहेत ते झोपेतही थांबत नाहीत.

तब्येत सांभाळा. समुद्रावर फार वेळ बसू नका.

तुमची,
उगेत

ता. क. पाकाची एक बाटली तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. तळाला किंचित करपट लागेल.

ता. क. दुसरा. तुमच्या एव्हाना मनात आलंच असेल की रोझेरच्या अंगणात तर फरची दोन झाडं, मग मेपल आले कुठून? वन्सं, मेपल तुमच्या अंगणात आहेत. थोरली शेगडीही तुमच्याकडेच आहे. आणि कुंड्यांना पाणी घालायला म्हणून किल्ली आमच्याकडे होती. वर्दी देणारी शेजारीण म्हणजे तुमची जिल्बेर्त. तिच्याकडे तुमचा फ्लोरिडाचा नंबर आहे, म्हणून हे पत्र घाईने टाकते आहे.

ता. क. तिसरा. मागच्या दाराला सध्या फळ्या ठोकल्या आहेत. भिंतींना नवा कागद हे स्वतः लावताहेत, कोंबड्यांच्या चित्रांचा, आणि लावताना मोठ्याने गाताहेत. तीन भिंती झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोंबडे उलटे लागले आहेत. मला सांगवलं नाही. तेव्हा मे संपेपर्यंत तिकडेच राहा, आणि आल्यावर रागवायचं ते सगळं मला रागवा. पण कोंबड्यांचे पाय वर का, एवढं मात्र त्यांना विचारू नका.