सूट मिळण्याचं कारण

२ जुलै

ताई येतेय. म्हणे! तिसऱ्यांदा. मार्चचं तिकीट रद्द झालं, मेचं रद्द झालं, आणि खोटं कशाला लिहू — दोन्ही वेळा मला हायसं वाटलं. आता साथीमुळे परदेशात अडकलेल्यांसाठी खास विमानं सोडतायत. ही कुठे अडकलीय? बत्तीस वर्षं तिकडे मजेत आहे.

फोनवर कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. थेट फर्मान. “वरची खोली धुऊन घे. माझं ताट-वाटी वेगळं. आणि कागदपत्रांचं तूच बघ हं, तू घरीच असतेस ना!”

घरीच असते. आईला उठवायचं, न्हाऊ घालायचं, गोळ्या, पाय चेपणं. अकरा वर्षं. घरीच तर असते.

५ जुलै

ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन आले. शटर अर्धं खाली, टेबलासमोर प्लास्टिकचा पडदा. वाकून आत शिरताना कंबर धरली.

विमानाचं तो बघेल. पण उतरल्यावर चौदा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, मगच घरी. ताईला रजा एकवीस दिवसांची. म्हणजे पंधराव्या दिवशी आईचं तोंड बघायचं आणि लगेच आवराआवर. नाहीतर सूट मागायची. सूट कोणाला? गरोदर बाई, लहान मूल बरोबर असलेले, गंभीर आजारी, किंवा घरात मृत्यू. आईची आठवण येते, असा रकाना नाही.

“मृत्यू लिहा, मॅडम. दोन दिवसांत मंजूर. दाखला मागाहून दिला तरी चालतो, आणि मागाहून कोणी मागत नाही.”

“अहो, माझी आई जिवंत आहे!”

“तेच तर! खरंच गेल्या असत्या तर एवढी घाई कशाला केली असती?”

मध्ये पडदा होता म्हणून वाचला.

६ जुलै

ताईला सांगितलं. वाटलं, तीही चिडेल. तर म्हणते, “मग लिही की! कागदच आहे तो.”

आईचं मरण. कागदच आहे तो!

शाळेत माझ्या हातून प्रार्थनेच्या पांढऱ्या कापडावर शाईची दौत सांडली होती. दुसरीत असेन. सिस्टर आल्या आणि पाचवीतली ताई मधे उभी राहिली — “मी सांडली.” तिला सगळी मधली सुट्टी व्हरांड्यात गुडघ्यांवर बसवलं. मी रडत समोरून गेले, तर तिनं मला जीभ काढून दाखवली! हसवायला.

ती ताई अजून आठवते. फोनवरच्या या बाईला मी ओळखत नाही.

९ जुलै

ताईचे चार मिस्ड कॉल. उचलला नाही. बरं वाटलं.

१० जुलै

शेवटी उचलला. “तुला मी यायलाच नकोय!” ओरडली.

“काहीतरीच काय,” म्हटलं.

नकोच आहे. येईल, सुवासिक साबण देईल, पलंगाचं तोंड चुकीच्या दिशेला आहे म्हणून सांगेल, उशा बदलेल. आणि आई तिच्याकडे बघून अशी खुलेल की बघत राहावं! रोज दिसणाऱ्या तोंडाकडे बघून कोण खुलतं?

लिहून टाकलं. आता वही ट्रंकेत ठेवायला हवी.

११ जुलै

एक शेवटचा प्रयत्न केला. डॉक्टरांना म्हटलं, आई गंभीर आजारी आहे असं पत्र द्या. “आजींना काय धाड भरलीय? माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत!” खोटं लिहिणार नाही म्हणाले. मला त्यांचा राग आला — आणि मग स्वतःचाच.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ऐकून हबकेल. तिनं चष्मा लावला.

“लिही, मेले म्हणून.”

“आई!”

“अगं, एवढ्यानं पोरगी दाराशी येत असेल तर काय बिघडलं? वेळ टाकायची असेल तर सकाळची टाक. चहा झाल्यावर. उपाशी नको.”

मला रडू फुटलं. ती हसत होती. “शहाणीच आहेस! शाळेत घातलं होतं तुला, का देवळात?”

रात्रीपर्यंत थांबले नाही, नाहीतर धीर झाला नसता. भर दुपारी लिहिलं. अर्जदाराचं नातं — मुलगी. मृत व्यक्ती — आई. ती शेजारी बसून स्पेलिंग तपासत होती.

१४ जुलै

खात्री करायला सरकारी फोन आला. कोणी कारकून, मवाळ आवाजाचा. “आपल्या मातोश्री कधी गेल्या?”

मी तारीख सांगतेय तोच आतून हाक — “कोण आहे गं? उकाडा होतोय, पंखा वाढव!”

“घरी आणखी कोण असतं?”

“मावशी,” म्हटलं. सहज निघालं तोंडातून! छप्पन्न वर्षांची झाले, इतकं सराईत खोटं कधी बोलले नव्हते.

“जपा त्यांना. आमच्याही घरात दोन गेले,” म्हणाला आणि फोन ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईला सांगितलं तर ती फुरंगटली. “मला बहीणच नव्हती कधी. कुठून आणलीस?”

संध्याकाळी मंजुरी आली. ताईला एका ओळीचा निरोप पाठवला. तिकडून रडल्याचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. दोनदा ऐकला. लहानपणी तापात रडायची, अगदी तशीच.

खोली धुतली. खिडकीत तिच्या आवडीचा जुना पडदा लावला. का, ते विचारू नये.

१६ जुलै

ट्रॅव्हलवाल्यानं तिकिटं पाठवली, छापून ठेवा म्हणाला. येतानाचं एक, दोन ऑगस्टचं. जातानाची दोन. दुसऱ्यावर आईचं नाव, वय ब्याऐंशी.

चुकलंय म्हणून फोन केला. “नाही मॅडम. आजी मे महिन्यापासून माझ्याशी बोलतायत. व्हिसा त्यांचा मागच्या खेपेचा आहेच. तुम्हाला माहीत नव्हतं?”

आत गेले. आई मटार सोलत होती. मान वर केली नाही.

“मीच बोलावलं तिला. एकटीनं मला विमान झेपायचं नाही.” मग म्हणाली, “तुला सांगितलं असतं, तर तो अर्ज तू लिहिला असतास का?”

ताईचं जायचं तिकीट बावीस ऑगस्टचं. आईचंही बावीस ऑगस्टचं. परत यायचं तिकीट नाही.